पायरोलचा निकाल

दोघी बहिणी एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत काम करायच्या. थोरली इस्त्री करायची, धाकटी रफू. फाटक्या कोटाच्याच आतल्या शिवणीतून धागे काढून ती भोक असं विणायची, की कोटाच्या मालकालाही जागा सापडत नसे.

तिचा जीव मात्र कधीच थाऱ्यावर नसे. दाराची घंटा वाजली तरी छाती धडधडायची. कुणी जरा आवाज चढवला की भांडण, आणि मग दिवसभर अंथरूण. मनोविकारतज्ज्ञांच्या गोळ्यांवर ती कशीबशी निभावत होती.

थोरली तिला एका आहारतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेली. बाईंनी लघवी तपासून घेतली. बाटलीला उजेड लागू द्यायचा नाही म्हणून थोरलीने ती काळ्या कापडात गुंडाळून नेली होती.

"तुमच्या शरीरात पायरोल नावाचं द्रव्य जास्त तयार होतं," बाई म्हणाल्या. "ते झिंक आणि बी-सिक्स जीवनसत्त्व लघवीवाटे ओढून नेतं. मेंदू उपाशी राहतो. यात तुमचा काही दोष नाही."

बाहेर आल्यावर धाकटी जिन्यातच बसली.

"ताई, म्हणजे मी मुळात वाईट नाहीये."

"तुला वाईट कोण म्हणालं?"

"सगळेच. तूसुद्धा."

थोरली तिच्या शेजारी पायरीवर बसली.

झिंक आणि बी-सिक्सच्या कॅप्सूल सुरू झाल्या आणि काही महिने खरंच बरे गेले. धाकटी गिऱ्हाइकांच्या नकला करायची, थोरली हसून हसून इस्त्री खाली ठेवायची. त्या भरात धाकटीने जुन्या गोळ्या कुणाला न विचारता सोडून दिल्या. मग धडधड परत आली, आधीपेक्षा जास्त. बाईंनी बी-सिक्सचा डोस वाढवला. पुढे धाकटीने तो स्वतःच आणखी वाढवला.

आधी तळपायांना मुंग्या आल्या. मग बोटांना. एके दुपारी थोरली ओरडली, "अगं, रक्त बघ." पांढऱ्या कोटावर डाग पसरत होता. सुई बोटात रुतली होती आणि धाकटीला पत्ताच नव्हता.

मेंदू-नसांच्या डॉक्टरांनी कॅप्सूलची बाटली बराच वेळ न्याहाळली. "बी-सिक्स एवढं, इतके महिने घेतलं की नसा खराब होतात. आजच बंद करा. काहींना पुष्कळ फरक पडतो, काहींना फारसा नाही."

"आणि पायरोल?" थोरलीने विचारलं.

"त्या तपासणीवरून मनाचा आजार ठरवता येतो, याला भरवशाचा पुरावा नाही."

आहारतज्ज्ञ बाई फोनवर म्हणाल्या, "मी जुन्या गोळ्या बंद करायला सांगितलंच नव्हतं." ते खरं होतं.

वर्ष उलटलं, तरी बोटं तशीच. जुन्या गोळ्या पुन्हा चालू आहेत, पण आता त्या पूर्वीइतक्याही लागू पडत नाहीत. लाँड्रीच्या मालकाने रफूचं काम दुसरीकडे दिलं. धाकटी घड्या घालते. कापड सुती की रेशमी, हे तिला डोळ्यांनी बघावं लागतं.

"मग मला झालंय तरी काय, ताई?" परवा तिने विचारलं.

"डॉक्टर म्हणतात, भीतीचा आजार आहे."

"ते मला माहीत होतं," धाकटी म्हणाली, आणि तिने पुढचा शर्ट ओढून घेतला.