शामलाच्या हातावरचे एकवीस

"पाच नाही, अकरा नाही, एकवीस ठेवले वं बाई पोरीच्या हातावर!" बायजाबाई शेजारणीला पुन्हा तेच सांगत होती.

सावनेरचे पाहुणे शामलाला पाहून गेले, तेव्हापासून बायजाबाईचा पाय घरात ठरत नव्हता. उठताना मुलीच्या हातावर काहीतरी ठेवायची रीत सगळ्यांचीच. पण त्या काळी पाच रुपयांच्या वर जातं कोण? एकवीस म्हणजे होकारच की! तिने ते पैसे बुद्धाच्या तसबिरीमागे ठेवले. विड्या वळता वळता उठायची, आहेत ना पाहून यायची. हातातला तंबाखू सांडायचा, तरी जिवाला चैन म्हणून नाही.

"आई, तेवढ्यात मले चष्मा येते," शामला म्हणाली. बिचारी पानाला नाक लावून विडीचा दोरा बांधायची. चहा नेताना चौकटीवर आदळू नये म्हणून पाहुणे यायच्या आधी आईने तिला चारदा चालवून पाहिलं होतं.

"चूप बस! चष्मेवालीले कोन करते? शकुनाचा पैसा हाय तो. मोडू नाही."

महिना गेला, निरोप येईना. शेवटी बायजाबाईने सोयरीक आणणाऱ्या रुपरावाला चौकात गाठलं.

"काहून गा रुपराव, पाहुणे काय म्हणून राहिले?"

रुपराव ओशाळला. "पोराचं कन्हानले जमलं ना, भाभी. मले वाटलं, तुमाले समजलं असंन."

"मंग एकवीस काहून ठेवले?"

"खाणीतला ठेकेदार हाय तो पोराचा बाप. जिथं पोरगी पाहाले जाते, तिथं एकवीसच ठेवते. पाच रुपये काढाची लाज वाटते त्याले."

बायजाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिनाभर आपण कशाची राखण केली? सावनेरला जाऊन त्याच्या तोंडावर फेकून मारते, असं पुटपुटत ती घरी आली, तसबिरीमागचे पैसे ओढून काढले आणि वळली. शामला जमिनीवर सांडलेला तंबाखू चाचपडत गोळा करत होती. तो तिच्या पायाशीच पडला होता.

बायजाबाईने पैसे पदराच्या गाठीला बांधले. मग म्हणाली, "ऊठ. सीताबर्डीले जाऊ."

चष्मा तयार झाला त्या दिवशी शामलाने तो दुकानातच चढवला. रस्त्यावर येऊन पाट्या मोठ्याने वाचत सुटली, हसली, झाडाचं पान न् पान पाहिलं. मग आईकडे वळली आणि तिचा चेहरा निरखू लागली.

"आई, तू इतकी बुढी कधी झाली वं?"

बायजाबाईने पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"ऊन लागून राहिलं," ती म्हणाली. "चाल घरी."