खालच्या विमानातला उद्धव

उद्धव मेला हे सांगायला मी पेडगावला गेलो, तर त्याच्या बापाने माझ्यासाठी पुरणपोळीचा घाट घातलेला. साल पंचेचाळीस, वैशाख महिना. मी वालूरचा भुजंग. परभणीच्या सरकारी शाळेत मी आणि उद्धव एकाच बाकावर उर्दू घोकत होतो, आणि एकाच दिवशी इंग्रजांच्या विमानदलात भरती झालो. आता मी ब्रह्मदेशच्या लढाईवरून महिन्याच्या रजेवर आलो होतो, एकटा. त्याच्या घरी सरकारी कागद आधीच पोचला होता आणि त्यात ‘बेपत्ता’ असं लिहिलेलं होतं. बेपत्ता म्हणजे कुठंतरी आहे, असा त्याच्या बापाने, लिंबाजीबाबांनी, सरळ अर्थ लावला. ब्रह्मदेशातून पायी यायला एक वर्ष लागतं, हेही त्यांनीच ठरवून टाकलं होतं.

उद्धवची बायको मनकर्णा ठसठशीत कुंकू लावून वाढत होती. भटजींनी घरच्यांना सांगून ठेवलं होतं की बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, मग पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा. मधे कुणी डोळ्यांनी पाहिलेला गवाह आला तर गोष्ट वेगळी. ती बावीस वर्षांची होती. गवाह मी होतो. नुसता गवाह असतो तरी एक वेळ बरं होतं.

काय झालं ते सांगून टाकतो. आमची सहा बॉम्बर विमानं थव्याने उडायची. पुढच्या विमानाने बॉम्ब सोडले की मागच्या सगळ्यांनी लगेच सोडायचे, विचारत बसायचं नाही. मी माझ्या विमानाच्या पोटाखालच्या काचेच्या कोठडीत मशीनगन धरून बसायचो. उद्धव दुसऱ्या विमानात, पाठीवरच्या काचेच्या घुमटात. विमानाविमानांत बोलायला बंदी होती. म्हणून आम्ही दोघांनी एक रीत पाडली होती. जवळ आलो की हात जोडून राम राम करायचा. गोऱ्यांना त्याची गंमत वाटायची. आम्हाला मात्र तेवढ्यापुरतं आपल्या मुलखात आल्यासारखं वाटायचं.

त्या सकाळी ढग होते. ढगातून बाहेर पडलो तर उद्धवचं विमान सरकत सरकत बरोबर आमच्या खाली आलेलं. इतकं जवळ, की मला उद्धवच्या मिशा दिसल्या. खाली आपलं विमान आहे हे गळ्याशी असलेलं बटण दाबून वैमानिकाला सांगणं, हेच माझं काम. त्याचाच पगार खात होतो मी! पण मला, गाढवाला, आनंद झाला. उद्धवने दोन्ही हात डोक्यावर नेले. मी बटणावरचा हात काढला, दोन्ही हात जोडले आणि त्याला राम राम केला. हसलोसुद्धा. तो हात जोडत नव्हता. तो हात हलवत होता, शेतात दुसऱ्याच्या अंगावर बैल धावून येताना पाहिला की माणूस हलवतो तसे. हे कळलं तेव्हा आमच्या विमानाच्या पोटाची दारं उघडून बॉम्ब सुटले होते. एक त्यांच्या पंखावर पडला. विमान दुमडलं, पेटलं आणि खालच्या जंगलात गेलं. हवाई छत्री एकाचीही उघडली नाही. कचेरीत मी काय पाहिलं ते सांगितलं, पण प्रेत सापडलं नाही म्हणून त्यांनी कागदावर ‘बेपत्ता’ लिहिलं.

जेवण झाल्यावर मी लिंबाजीबाबांना म्हणालो, “बाबा, उद्धव येणार न्हाई आता. मी डोळ्यानं पाह्यलं.”

म्हातारा बराच वेळ पानदान उघडत-मिटत राहिला. मग म्हणाला, “तरास झाला का रे लय?”

“न्हाई. एका दमात झालं.”

“शेवटाला काय करायलाला त्यो?”

इथे मी खरं सांगायला हवं होतं. त्यासाठीच तर आलो होतो. त्यांनी चपलेने मारावं, गावाने तोंडात शेण घालावं, एवढीच माझी इच्छा होती. पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि जीभ वळली ती भलतीकडेच. “राम राम केला बाबा. मला. असा...” म्हणत मी करून दाखवलं.

“रामाचं नाव घेऊन गेला,” म्हातारा म्हणाला आणि रडू लागला. रडता रडता त्याच्या चेहऱ्यावर समाधान आलं. मला माझी किळस आली.

मी हात धुवायला मागच्या अंगणात गेलो. मनकर्णा पाणी घालायला आली.

“भाऊजी, तुमी मगा करून दाखवलं, तवा तुमचे हात आधी डोक्यावर गेले. एकमेकापासून लांब लांब. मग तुमी ते जोडले.”

मी धुतलेले हात पुन्हा चोळू लागलो.

“राम राम करायला माणूस हात तिथं न्हेतो व्हय? काय सांगायलाले ते तुमाला?”

मग मी सगळं सांगितलं. बटण, बॉम्ब, माझं हसणं, सगळं. तिच्या पायाशी बसून सांगितलं. तिच्या हातातला तांब्या वाकडा होऊन पाणी माझ्या पाठीवर सांडत होतं, तिला भान नव्हतं.

“म्हंजी ते ओरडायलाले,” ती म्हणाली. “आन् तुमी हसायलाले.”

“व्हय.”

“मामंजींना हे कळू द्यायचं न्हाई.”

“वैनी, मला सांगू द्या. न्हाईतर मी मरीन.”

“मरा. पण सांगायचं न्हाई. आत्ता त्या म्हाताऱ्याच्या पोटात दोन घास तरी जातील. तेवढंबी काढून घेता का?” ती आत गेली. थोड्या वेळाने आतून बांगड्या फुटल्याचा आवाज आला, आणि मग तिचा हंबरडा. इतका वेळ तिने तो कसा धरून ठेवला होता, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी भटजी आले. पळसाला नवी पानं फुटली होती. ती आणून त्यांनी दर्भाने बांधली, डोकं म्हणून नारळ ठेवला. अग्नी कोण देणार, विचारलं. उद्धवला भाऊ नव्हता, मूल नव्हतं.

“बापानं पोराला आग कशी द्यावी?” लिंबाजीबाबा म्हणाले. “ह्यो भुजंग दील. ह्येच्याइतकं जवळचं कोण व्हतं त्येला?”

मी “न्हाई” म्हणालो. पुन्हा म्हणालो, ओरडून. लोकांना वाटलं, दुःखाने म्हणतोय. मी मनकर्णेकडे पाहिलं. ती पांढऱ्या कपाळाने दारात उभी होती. विस्तवाचं मडकं तिने स्वतः उचलून माझ्या हातात दिलं आणि पाठ फिरवली.

ओढ्याकाठी मी तो पानांचा उद्धव पेटवला. हिरवी पानं, ती काही केल्या पेट घेईनात. नुसता धूर. दुसऱ्यांदा पेटवलं, तिसऱ्यांदा पेटवलं. मी गुडघ्यांवर बसून फुंकर घालत होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लिंबाजीबाबा मागून आले. आपल्या पटक्याच्या सोग्याने त्यांनी माझे डोळे पुसले, लहान लेकराचे पुसावेत तसे.

“सावकाश लेका,” ते म्हणाले. “आता मला तूच हायेस.”

मी “बाबा” एवढंच म्हणालो, आणि पुन्हा फुंकर घालू लागलो.