ओळ सांगणारा

लॉकलन मॅकफेल माझ्या बहिणीचा नवरा आणि आमच्या चर्चच्या मंडळीचा पाळक. मेंढपाळाचं पोर, पाठीवर ओटच्या पिठाचं पोतं घेऊन चालत ॲबर्डीनला शिकायला गेलं आणि पाळक होऊन परतलं. अठराशे त्रेचाळीस साली जमीनदाराच्या मर्जीने चालणारं चर्च सोडून जे बाहेर पडले, त्यांत तो होता. राहतं घर गेलं तरी पठ्ठ्याने वाळूत उभं राहून, खारा वारा तोंडावर घेत उपदेश केला, आणि पुढे मंडळीने दगड वाहून नवं चर्च आणि त्याला घर बांधून दिलं. हाती कागद न धरता तासन्‌तास बोलणारा हा माणूस माझी बहीण ग्रिझेल गेली तेव्हा रडला नाही. मीही नाही. दुसऱ्या दिवशी बोटी आल्या, मी मासे खारवायला गेलो.

त्याच चर्चमध्ये मी ओळ सांगतो. वाद्य आम्हाला चालत नाही. स्तोत्राची एकेक ओळ आधी मी एकट्याने उभं राहून गायची, मग सगळ्यांनी बसल्या जागी ती उचलायची, अशी रीत. हे काम पुरुषाचंच.

ग्रिझेल गेली त्या हिवाळ्यात लॉकलन बोलता बोलता थांबू लागला. एक वाक्य म्हणायचा, मान जराशी डावीकडे कलती करून गप्प राहायचा, मग पुढचं वाक्य. लोक म्हणाले, वय झालं. मला मात्र ते थांबणं ओळखीचं होतं. आयुष्यभर समोरच्या बाकांवर मी तेच बघत आलो होतो, ओळ येण्याची वाट पाहणारी माणसं. खरं तर अंगावर काटा यायला हवा होता, पण त्या दिवसांत मला कशाचंच काही होत नसे.

मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी एक, इवेंडर गन, यांनी मला धक्क्यावर गाठलं. "टॉर्मॉड, तुझे दाजी व्यासपीठावर डुलक्या काढतात की काय?"

"तुम्ही बाकावर घोरता, तेव्हा ते काही बोलतात का?"

"थट्टा पुरे. रविवारी वरून दोन पाळक येताहेत, त्यांना पारखायला. डोकं ठिकाणावर नाही असं दिसलं, तर व्यासपीठ जाईल आणि घरही."

ग्रिझेलने त्याच घरात प्राण सोडला होता. ते सुटलं तर लॉकलन जगायचा नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. संध्याकाळी शेगडीपाशी मी विषय काढला. "दाजी, रविवारी तेवढं थांबू नका हो."

"ओळ आल्याशिवाय उचलू कशी?" तो म्हणाला आणि रश्श्याचा वाडगा माझ्यापुढे सरकवला.

मग मीच ठरवलं: तो थांबला की आपण स्तोत्र सुरू करायचं. उपदेश संपला असंच सगळ्यांना वाटेल.

रविवारी तो थांबला, आणि पुढे बोलेचना. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मी उठलो आणि मोठ्याने पहिली ओळ गायलो. कुणी उचलली नाही. बाकांवरच्या साऱ्या माना जराशा डावीकडे कलल्या, पाहुण्यांच्याही. मग सगळ्या चर्चने एका सुरात ओळ उचलली, पण ती माझी नव्हती, ते स्तोत्रच निराळं होतं. पुन्हा शांतता, पुन्हा ओळ, असं शेवटपर्यंत. मी तोंड मिटून उभा होतो. वर लॉकलनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

दाराशी थोरल्या पाहुण्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आम्हाला काही वावगं दिसलं नाही, मॅकफेल. निश्चिंत राहा. एवढंच, की ओळ सांगायला बाईमाणसाला उभं करणं आपल्यात बसत नाही. आवाज गोड आहे तिचा, पण रीत ती रीत."

लॉकलनने मान डोलावली. गन खाली बघत राहिले.

मी तिथेच होतो. ग्रिझेलचा सख्खा भाऊ मी, आणि भरल्या चर्चमध्ये मला एकट्यालाच काही ऐकू आलं नव्हतं.