लक्षणे नाहीत

माझी रूममेट दिवसाला चाळीस वेळा शिंकायची. मी मोजायचे, कारण दर शनिवारी मी घरी जायचे आणि घरी बाबा होते, नवी किडनी बसवलेले. डॉक्टरांनी बजावलं होतं, साधी सर्दीसुद्धा यांना झेपणार नाही.

म्हणून मी तिला छळलं. तिचा पेला वेगळा, खुर्ची वेगळी, शेवटी तिची गादीच व्हरांड्यात.

"अगं, धुळीच्या शिंका आहेत या," ती म्हणायची.

"हो ना, आणि मी महाराणी," मी म्हणायचे. माझ्या जिभेला हाड नाहीच.

विद्यापीठात सर्दीच्या विषाणूवर संशोधन चालू होतं. आम्ही दोघीही त्यात होतो. दर शुक्रवारी प्रयोगशाळेत जाऊन नाकातला स्वॅब द्यायचा आणि फॉर्म भरायचा. मी ऐटीत 'लक्षणे नाहीत'वर खूण करायचे. काही निघालं तर कळवतीलच की! फोन आला नाही म्हणजे मी ठणठणीत, आणि शनिवारी पहिल्या गाडीनं घरी. मास्क लावू का विचारलं, तर बाबा म्हणायचे, "तुला कुठं काय झालंय? तोंड तरी बघू दे लेकीचं."

तिसऱ्या आठवड्यात बाबांना खोकला सुरू झाला. पाचव्या दिवशी श्वासासाठी नळी घातली. नवव्या दिवशी ते गेले.

सत्र संपल्यावर प्रयोगशाळेतल्या ताईंनी निकालाचा कागद दिला. माझ्या नाकात पहिले सलग तीन आठवडे विषाणू होता.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"नमुने गोठवून ठेवतो गं, सत्राअखेरीस एकदम तपासतो. संमतीपत्राच्या पहिल्या पानावर लिहिलंय, खाली तुझी सही आहे."

सही होती. वाचलं कुणी होतं?

रूममेटनं तिचा कागद माझ्या टेबलावर ठेवला. सगळे आठवडे कोरे, काहीच नाही. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, तशी मी. माझाच मला तिटकारा आला.

संध्याकाळी आईचा फोन आला. स्पीकर चालू होता. रूममेट समोरच व्हरांड्यातली गादी आत आणत होती.

"त्या शिंकणाऱ्या पोरीनंच घात केला ना गं आपला?" आई रडत म्हणाली. "खरं सांग. म्हणजे मी तुला तरी जवळ घेऊ शकेन."

रूममेटनं गादी खाली टेकवली. माझ्याकडे बघितलं.

"हो, आई," मी म्हणाले.

तिनं गादी उचलली आणि परत बाहेर नेली.