क्रोपची लाकडी उशी

किटाले शहरातल्या हॉटेलातली पांढरी उशी लोमुरियाने दाबून पाहिली, तर हात मनगटापर्यंत आत गेला. यात डोकं ठेवलं तर सकाळी ते सापडायचं नाही, असं म्हणत म्हातारा रात्रभर भिंतीला टेकून बसला. दुसरी रात्रही तशीच गेली.

सगळा घोळ फाटकावरच्या पहारेकऱ्याने, वाफुलाने, घातला होता. तुर्काना आणि पोकोट या गुरं राखणाऱ्या दोन जमातींची शांतता बैठक, म्हणून त्याने दोन्हीकडच्यांच्या काठ्या नि सुऱ्या काढून घेतल्या, ते ठीकच होतं. पण तुर्कानांच्या म्होरक्याची, लोमुरियाची, लाकडी उशीही घेतली! दिवसा बसायला घ्यायची, रात्री मानेखाली घ्यायची, त्याने लग्नाआधी स्वतः कोरलेली.

"ही टाळक्यात बसली तर माणूस जायचा, आजोबा," वाफुला म्हणाला.

"अरे बाळा, टाळक्यात नाही, टाळक्याखाली घेतात ती!"

वाफुला शहरात वाढलेला. त्याला काय कप्पाळ कळणार!

बैठक नव्या तळ्यावरून होती. कोरड्या दिवसांत सकाळचं नितळ पाणी आधी कोणाच्या गुरांनी प्यायचं? दुपारी उरतो तो नुसता चिखल. 'सकाळ आपलीच' असं लोमुरिया गावासमोर छाती ठोकून सांगून आला होता. पण जागरणाने त्याची अशी गत झाली, की पोकोटांचा म्होरक्या क्रोप बोलायला उभा राहिला की याची हनुवटी छातीवर. तिसऱ्या दिवशी तर झोपेतच त्याने "हो, हो" म्हणून मान डोलावली आणि पोकोटांनी टाळ्या पिटल्या. त्याच्या माणसांनी ढोसून त्याला जागं केलं. उद्या निकाल, आणि आपण असेच डुलत राहिलो तर तळं हातचं जाईल, अशी त्याला धास्ती पडली.

तोंडावर पाणी मारायला तो नळावर गेला, तर क्रोप आधीच नळाखाली डोकं धरून उभा. डोळे लालभडक.

"तुझीही उशी नेली का रे त्याने?" लोमुरियाने विचारलं. कित्येक वर्षांत शिवी सोडून तो क्रोपशी पहिल्यांदाच बोलत होता.

"नेली ना! ते मऊ गाठोडं म्हणजे मेलेली मेंढी रे. त्यावर काय झोपणार?"

बैठक पुन्हा भरताच दोघे म्हातारे एकदम उठले. आमच्या उशा परत करा! अध्यक्षबाई बघतच राहिल्या. दोन्ही बाजूंचं एकमत झालेला तो पहिलाच ठराव होता.

वाफुला आला तो एकच उशी घेऊन, कानकोंडा होऊन. लोमुरियाच्या उशीवर बसून स्वयंपाकीण कांदे सोलत होती, आणि उशी मधोमध फुटली. लोमुरियाला रडूच यायचं बाकी राहिलं.

क्रोपने आपली उशी उलटसुलट करून पाहिली. मग बैठक उठल्यावर अंगणातल्या बाभळीखाली ती लोमुरियापुढे सरकवली.

"आधी तू झोप. माझ्यापेक्षा वाईट दिसतोयस."

"दुसऱ्याच्या उशीवर दुसऱ्याची स्वप्नं पडतात म्हणे."

"पडू देत. सोसतील तेवढी बघ."

"आणि तू?"

"बसतो जागा. तुझ्या माणसांसमोर डोळे मिटायची मला कुठे सवय आहे?"

लोमुरियालाही नव्हती. पोकोटाच्या शेजारी पाठ टेकायची म्हणजे जिवाशी खेळ, असंच तो आजवर मानत आला होता. पण मानेला लाकूड लागलं मात्र, म्हातारा घोरायला लागला.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. क्रोप तिथेच बसून डहाळीने त्याच्या तोंडावरच्या माश्या हाकलत होता.

"काय दिसलं?"

"तुझ्या गाई," लोमुरिया उठून बसत म्हणाला. "बरगड्या निघालेल्या. चिखल चाटत होत्या."

"मला रोज त्याच दिसतात," क्रोप म्हणाला.

लोमुरियाला वाईट वाटलं. त्याच्या स्वतःच्या गाईही काही वेगळ्या नव्हत्या. त्याने उशी पुसून परत दिली आणि डहाळी मागून घेतली.

निकालाच्या दिवशी तो उठला आणि म्हणाला, "सकाळ एक दिवस आमची, एक दिवस त्यांची."

"म्हाताऱ्याला झोपेत फितवलं!" त्याची माणसं ओरडली.

"गप बसा रे! झोप झाली म्हणून तर शुद्धीवर बोलतोय."

त्यांनी पोकोटांकडे पाहिलं. क्रोप उशी मानेखाली घेऊन, सगळ्या तुर्कानांच्या देखत, भिंतीकडेला आडवा झाला होता आणि घोरत होता.