मिणमिणत्या दिव्यांची गाडी

बाबा मला लहानपणापासून फ्यूज म्हणतात, कारण मी चटकन उडते. त्या दिवशी दादावर उडाले होते. बाबांनी त्यांची जुनी, दोन सिटांची ब्रिटिश गाडी फाटकाला घासली आणि दादाने परस्पर निकाल दिला, "विकून टाकू. त्यांना दिसत नाही."

"मला स्वच्छ दिसतं," बाबा म्हणाले. "डॅशबोर्डचे दिवेच मिणमिणते. काटे शोधत बसलो, तेवढ्यात फाटक आलं."

शेवटी ठरलं की मी दिवे दुरुस्त करायचे आणि बाबांनी दादासमोर काटे वाचून दाखवायचे. वाचले तर गाडी राहील. आई गेल्यापासून बाबांना तेवढाच विरंगुळा, आणि आमचा शहाणा तोही काढून घ्यायला निघालेला.

गाड्यांची वायरिंग हाच माझा धंदा, त्यामुळे हे काम म्हणजे डाव्या हातचा मळ. मीटर काढून आतून पांढरा रंग मारला, अर्थिंगची गंजलेली टोकं घासली, जुन्या बल्बच्या जागी एलईडी बसवले. दुपारीच माझ्या गॅरेजचं शटर ओढून अंधार केला. बाबा कधीचे सीटवर जाऊन बसले होते.

"लावा दिवे," मी डॅशबोर्डखालून म्हणाले.

बटण खट्कन वाजलं. "वा, लख्ख उजेड पडला! बोलाव तुझ्या दादाला."

मी डोकं वर काढलं. एकही दिवा लागला नव्हता.

"पेट्रोल किती दाखवतंय?" मी विचारलं.

"अर्ध्याच्या जरा वर." सकाळी त्यांनीच मला तेवढं भरायला लावलं होतं; आकडा पाठ होता.

मी मीटरमागचे बल्ब चाचपायला परत खाली वाकले. मग त्यांनाच कळलं.

"लागले नाहीत का?"

"नाही, बाबा."

"हिच्या बॅटरीचा प्लस बॉडीला असतो. एकाच दिशेने चालणारे हे साधे एलईडी उलटे कसे पेटतील? नव्या गाड्या उघडून उघडून विसरलीस." चूक बरोब्बर पकडली त्यांनी. मग त्यांनी माझं मनगट धरलं. "दुसरे बसव. तू फक्त इंजिन चालू ठेव. आवाजावरून मी सगळे आकडे सांगतो. दादाला काय कळतंय त्यातलं."

मला रडू येत होतं आणि रागही. "फाटकाच्या जागी माणूस असता तर?"

"माणूस कळला असता मला."

"फाटक तरी कुठे कळलं, बाबा?"

त्यांनी माझा हात सोडला. मी शटर वर केलं आणि दादाला फोन करून गिऱ्हाईक बघायला सांगितलं. बाबा ऐकत होते. संध्याकाळपर्यंत ते गाडीतून उतरले नाहीत.