खमिराचा तास

बोरिवलीतल्या चर्चच्या मराठी शाळेत जुनी रीत होती. धर्मशिक्षणाची घंटा झाली की वर्ग दुभंगायचा. कॅथलिक मुलं कॅटेकिझमला खालच्या खोलीत, बाकीची वर्गातच मूल्यशिक्षणाला. एका डब्यात जेवणाऱ्या मैत्रिणीही त्या तासाला वेगळ्या.

यंदा मुख्याध्यापिका सिस्टर अपोलिननी ठरवलं, श्रद्धा एका तासापुरती ठेवायची नाही. विज्ञान, भूगोल, गणित, सगळीकडे आणायची. रेजिना टीचरला ते मनापासून पटलं. पण पुढचं ऐकून तिचा चेहरा पडला.

"बायबलचा भाग आला की बाकीच्यांना लायब्ररीत पाठवायचं. उगाच पालकांची कटकट नको."

"म्हणजे विज्ञानातही वर्ग फोडायचा? सिस्टर, आधी माझा एक तास बघा. सगळी मुलं बसवून. नाही पटलं तर तुम्ही म्हणाल तसं."

"बघते. पण गडबड झाली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही हं, रेजिना."

धडा आठवीचा, सूक्ष्मजीवांचा. रेजिनाने घरून पिठाचं पातेलं आणलं. नाताळच्या फुग्यांसाठी, त्या तळलेल्या गोल पावांसाठी, भिजवतात तसंच, सकाळी लेकीला कडेवर घेऊन एका हाताने भिजवलेलं. फडकं काढलं तर पीठ काठाशी आलेलं.

"झकास! टीचर, आज पार्टी?" प्रितम ओरडला.

"आधी अभ्यास रे, खादाडा."

यीस्ट साखर खातं, वायू सोडतं, पीठ फुगतं, हे तिने समजावलं. मग म्हणाली, "येशूने देवाच्या राज्याला हीच उपमा दिली. एका बाईने पुष्कळ पिठात जरासं खमीर, म्हणजे हे यीस्टच, मिसळलं, आणि सगळंच्या सगळं पीठ फुगलं."

मागे बसलेल्या सिस्टरनी मान डोलावली. तेवढ्यात माधुरीचा हात वर. घरी बुद्धवंदना होणारी ही पोर शाळेच्या सणाला चर्चमधल्या मिस्साच्या प्रार्थनेला मागच्या बाकावर बसायची आणि सगळं टक लावून बघायची.

"टीचर, खमीर एवढं चांगलं, तर मिस्सात फादर देतात ती भाकर चपटी का?"

"ए, असं विचारायचं नसतं!" एल्टन फिस्कारला.

"का नसतं? तू तर दर रविवारी खातोस. सांग ना मग!"

एल्टनने शेजारच्याकडे पाहिलं, शेजारच्याने छताकडे.

सिस्टर खुर्चीतून अर्धवट उठल्या. 'विज्ञानाचा तास आहे, नंतर बघू' म्हणून सुटता आलं असतं. रेजिनाने खडू खाली ठेवला.

"इस्राएली लोक मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलाम होते. सुटकेची वेळ आली ती एकाएकी. पीठ फुगायची वाट बघत बसले असते तर तिथेच राहिले असते. बिनखमिराचं पीठ तसंच उचललं नि निघाले. त्याची आठवण म्हणून ती चपटी भाकर. येशूने शेवटच्या भोजनात तीच मोडली."

"म्हणजे आधी सुटका, मग भाकरी," माधुरी म्हणाली. "हे पप्पांना सांगणार मी. त्यांना आवडेल."

"टीचर," एल्टन हळूच म्हणाला, "आम्हाला हे माहीतच नव्हतं. आमच्यात कोणी विचारलंच नाही कधी."

तास सुटल्यावर सिस्टर दारात थांबल्या.

"पालक आले तर?"

"येऊ देत. मागच्या बाकावर बसवू. त्यांच्यासमोर हाच तास घेईन."

वर्गात त्या भाकरीवरून माधुरी आणि एल्टनचं अजून जुंपलेलंच होतं. सिस्टरनी तिकडे पाहिलं.

"राहू दे ती लायब्ररी. सगळे एकत्र बसू देत. पण पालकसभेत तूच बोलायचंस."

"बोलेन की."

"पुढचा धडा कुठला?"

"आम्ल आणि आम्लारी."

"त्यात कुठून आणणार तू श्रद्धा?"

"अजून सुचलं नाही, सिस्टर," पातेलं काखोटीला मारत रेजिना म्हणाली. "पण सोमवारपर्यंत सुचणार म्हणजे सुचणार."